डावीकडची खालची दाढ

दूधविनायक, काशी
१९ जानेवारी २०२५

चि. ईशानी हिला आशीर्वाद.

पितृपक्षातल्या अष्टमीला सकाळी मी काय काय केलं, ते लिहितो. डेंटल कौन्सिलच्या कागदात एक रकाना आहे, ‘उपचारानंतर रुग्णाने घेतलेली काळजी’. तू आईला फोनवर म्हणालीस, बाबांना तो रकाना खरा भरायला सांग. म्हणून लिहितो.

पाचला उठलो. राजा घाटावर स्नान केलं. दात घासले नाहीत. श्राद्धाला ब्राह्मण म्हणून बसायचं असलं की त्या दिवशी तोंडात ना काडी घालायची ना ब्रश, नुसत्या पाण्याच्या बारा चुळा भरायच्या, हे तू लहानपणापासून बघत आलीस. दातांची डॉक्टर झाल्यावर मात्र तुला ते सहन होईना. “बाबा, वर्षातले दीडशे दिवस तुम्ही दात घासत नाही. लोकांचे पितर जेवून जातात आणि त्यांचं उष्टं तुमच्या हिरड्यांत राहतं,” असं तू भरल्या पानावर म्हणाली होतीस. तुझी आई हसली. मी हसलो नव्हतो.

बारावी चूळ टाकली तेव्हा त्या दाढेत काहीही दुखत नव्हतं. तू रूट कॅनल करून दोन आठवडे झाले होते. मग संगमनेरहून आलेल्या एका कुटुंबाकडे बसलो. मुलगा वडिलांचं श्राद्ध करत होता. जेवलो. घरी आलो. चारच्या सुमाराला पहिली कळ आली. एवढंच घडलं. रकाना भरला.

आता कळ कशी असते ते लिहितो, कारण तो रकाना त्यांच्या कागदात नाही. ती दाढेतून निघते, जबड्याच्या कडेने कानापर्यंत येते आणि तिथे थांबते. थांबते म्हणजे जात नाही, वाट बघते. मी बोललो, जांभई दिली, गार वारा लागला, की पुन्हा उतरते. उपरणं तोंडाला गुंडाळून घाटावर जातो. नाववाले हाक मारतात, “पंडित जी, मुँह काहे छुपाए हैं? ससुराल से भागे हैं का?”

तू म्हणाली होतीस, नस काढून टाकली, आता ही दाढ मेलेली आहे, दुखणार नाही. ईशानी, माझा सगळा व्यवहार मेलेल्यांशी आहे. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढे काशीत आलो ते थेट त्यांच्याच सेवेत. मेलेलं दुखत नाही हे तुझं शास्त्र तुला लखलाभ.

आणि मंत्रजागराचं. कार्तिकात ढुंढिराजकाकांकडे चाळीस वैदिक बसले होते. घन म्हणायची पाळी माझी होती. शब्द पुढे म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुन्हा पुढे. त्याला श्वास लागतो आणि जबडा लागतो. मी मध्येच थांबलो. काका म्हणाले, “काय रे बिंदू, विसरलास?” मी गालावर हात ठेवला आणि म्हणालो, “विसरलो नाही, काका. पोरीने दाढ बिघडवून ठेवलीय. जबडा उघडत नाही.”

जे झालं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आपली मराठी माणसं तू नोकरी करत होतीस त्या क्लिनिकची पायरी चढेनाशी झाली, तर तो माझा दोष नाही. तुझ्या लतिका मॅडम स्वतः घरी आल्या. “पंडित जी, आप बस इतना लिख दीजिए कि इलाज ईशानी ने किया था और दाँत उसी से बिगड़ा. मेरे क्लिनिक का नाम बच जाएगा.” मी लिहून दिलं. सही केली. त्यांनी तुला काढलं आणि तो कागद कौन्सिलला पाठवला. पाठवतील हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतं, ते आज सांगता येत नाही.

तू कोल्हापूरला इरावतीआत्याकडे गेलीस. जाताना मला नमस्कार केला नाहीस.

तुझा निरोप पोचला. दाढ कोणालाही काढू देऊ नका, तिचा स्कॅन करा, तोच माझा एकुलता एक पुरावा आहे. मार्चमध्ये सुनावणी आहे आणि तुझा परवाना राहतो की जातो हे माझ्या कागदावर ठरणार, हे मला समजतं. मी कागद मागे घेणार नाही. स्कॅनही करणार नाही. तुझ्या पुराव्यासाठी मी माझं तोंड सांभाळत बसू, ही अपेक्षा एका मुलीने बापाकडून करू नये.

तब्येत सांभाळ.

बिंदुमाधव


६ फेब्रुवारी २०२५

ईशानी,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येणार नाही असं तुझी आई म्हणते, आणि तसं म्हणताना तिला आनंद होतो.

काल तिने मला ओढत नेलं. प्रयागच्या कुंभाहून उलटलेल्या गर्दीत रिक्षा मिळेना, मग मैदागिनपर्यंत चालत गेलो. विद्यापीठाच्या बाजूला डॉ. रुची म्हणून एक बाई आहेत. तुझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. तोंड उघडा म्हणाल्या. दोन बोटं जातील एवढंच उघडलं. त्यांनी आरसा आत घातला, लहान फोटो काढला, पडद्यावर लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“ये रूट कॅनल किसने किया है?”

मी उपरणं सारखं केलं.

“जिसने भी किया है, हाथ बहुत साफ़ है. चौथी नली अक्सर छूट जाती है, इसने वो भी भर दी. कौन हैं?”

“है एक,” मी म्हणालो.

तुझी आई वर पंख्याकडे बघायला लागली. थंडीचे दिवस, पंखा बंद होता.

“कैप क्यों नहीं लगवाए? बिना कैप के ये दाँत अंडे का छिलका है.”

“डॉक्टर ने बोला नहीं था.”

हे वाक्य मी किती सहज बोललो ते तुला कळावं म्हणून लिहितो. अडखळलो नाही. कळसुद्धा आली नाही. खरं बोलताना जबडा दुखतो आणि खोटं बोलताना दुखत नाही, असा हा आजार आहे.

त्यांनी मोठा स्कॅन करायला सांगितलं. मी म्हणालो, बघू. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की कळ दबते, पण शब्द उशिरा येतात. संध्या करताना आचमनापर्यंत येतो आणि पुढचं नाव कोणतं, यासाठी हातात पाणी धरून बसतो.

घरी आल्यावर तुझ्या आईने चपला काढल्या नाहीत. तशीच स्वयंपाकघरात गेली.

“अहो, इकडे या. फ्रीजवर तिचा कागद अजून चिकटलाय. वाचून दाखवू का? तुम्हाला अख्खी संहिता पाठ, पण या चार ओळी नाहीत.”

“मालविका, पुरे.”

“वीस सप्टेंबर, कॅप. तोवर डावीकडून चावायचं नाही. कडक काही खायचं नाही. रोज दात घासायचे, रोज. ‘रोज’खाली दोन रेघा मारल्यात लेकीने. डॉक्टर बोलले नाहीत म्हणे!”

“पितृपक्षात नवीन काही अंगावर चढवत नाहीत. कॅप ही नवीन वस्तूच.”

“मग तसं सांगायचं होतंत त्या बाईंना. शास्त्र सांगायला लाज कसली? लाज खोटं बोलायची असते.”

पदर खोचून ती पोळ्यांना लागली आणि पोळपाटावर इतक्या जोराने लाटायला लागली, की माझ्या कानाखाली प्रत्येक फेरा कळला.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी तो कागद फ्रीजवरून काढला आणि देवापुढच्या धुपाटण्यात जाळला. तुझं अक्षर आधी तपकिरी झालं, मग गेलं. तुझ्या आईने राख बघितली. धुपाटणं घासून, पुसून जागेवर ठेवलं.

हे पत्र पाठवता येणार नाही, हे आता शेवटच्या ओळीला आल्यावर लक्षात आलं.


२४ फेब्रुवारी २०२५

ईशानी,

हेही पाठवणार नाही. पण लिहायला सुरुवात केली की जबडा जरा ढिला पडतो, म्हणून लिहितो.

स्कॅन केला. तुझ्यासाठी नाही. कळ सहन होईना म्हणून केला. परवा महाशिवरात्र, गल्ल्यांतून पाय ठेवायला जागा नाही. आम्ही त्या गर्दीतून गेलो आणि परतलो. माझ्या हातात एक मोठा काळा लिफाफा होता. वाटेत एकाने विचारलं, “पंडित जी, नक्शा है?” मी हो म्हणालो.

डॉ. रुचींनी दाढ पडद्यावर फिरवून दाखवली. मधोमध एक चीर आहे. वरून मुळापर्यंत.

“ये इलाज की गलती नहीं है. कुछ बहुत कड़ा चबाए थे आप. याद कीजिए. बर्फ़? हड्डी?”

“हड्डी!” तुझी आई म्हणाली. “डॉक्टर साहब, ये प्याज नहीं खाते.”

बाई हसल्या. मग म्हणाल्या, “सुपारी?”

आता अष्टमीची सकाळ पुरी सांगतो.

संगमनेरच्या त्या घरात कर्त्या मुलाबरोबर त्याची आई होती. नवऱ्याचं पहिलंच श्राद्ध काशीत करत होती. जेवण झालं. मला विचारलं, तृप्त झालात का? मी तृप्त झालो म्हणालो. मग त्या बाईने स्वतः विडा करून आणला. आत अख्खी सुपारी, न कातरलेली. म्हणाली, “ह्यांना अशीच लागायची. दाताने फोडायचे. पंचाहत्तराव्या वर्षीसुद्धा.” आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

तुला ठाऊक आहे, श्राद्धाला बसल्यावर माझं तोंड माझं नसतं. त्या दिवसापुरतं ते कोणाच्या तरी बापाचं असतं. नाही म्हणायचं नसतं. विडा हातात घेऊन घरी आणता आला असता, सगळेच तसं करतात. पण ती बघत होती. उजवीकडच्या दोन दाढा मागेच गेल्या आहेत. मी सुपारी डावीकडे घेतली आणि चावली. कट्ट असा आवाज झाला. सुपारी फुटली असं तिला वाटलं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला वाकून नमस्कार केला.

सुपारी अख्खीच होती. ती मी गालात धरून गल्लीच्या टोकापर्यंत आलो आणि थुंकली.

म्हणजे पहिली कळ चारला आली नाही. बाराला आली, तिच्यासमोर. मी आशीर्वाद दिला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, लहानशी गोष्ट आहे. मग मंत्रजागराला ते वाक्य बोललो, आणि त्यानंतर ती लहान राहिली नाही. तू घरी येऊन विचारलं होतंस, “बाबा, काही कडक चावलं का? आठवा. मी रागावणार नाही.” हेच शब्द होते. तू माझ्यावर रागावणार नाहीस, हे ऐकून मला तुझा इतका राग आला की मी म्हणालो, “तुझ्या शिक्षणावर केलेला खर्च मी गंगेत टाकला असता तर निदान पुण्य लागलं असतं.” त्यानंतर तू काही विचारलं नाहीस.

डॉ. रुची म्हणतात, दाढ काढावीच लागेल. काढल्यावर कळ जाईलच असं नाही, नसेला सवय लागली आहे.

स्कॅनचा लिफाफा पोथीच्या रुमालात बांधून ठेवला आहे. सुनावणीला पंधरा दिवस राहिले. पोस्टात टाकायला पाच मिनिटं लागतात. रोज सकाळी पोथी सोडतो, लिफाफा बाजूला ठेवतो, पाठ करतो, लिफाफा पुन्हा आत ठेवतो, गाठ मारतो. पाठ चुकतो. गाठ चुकत नाही.


१५ मार्च २०२५

ईशानी,

काल इथे रंग होता. तुझ्या आईने गुलालाची पुडी फोडली नाही. दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. ती आली, समोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “झालं तुमच्या मनासारखं.”

मी विचारलं, काय?

“सुनावणी झाली. तिने लिहून दिलं, चूक माझी. सहा महिने परवाना बंद. कोल्हापूरला ती ज्यांच्याकडे लागली, ते डॉक्टर कायम करणार होते, ते आता नाही म्हणाले. टेबलं पुसायला, हत्यारं उकळायला राहा म्हणाले. राहिलीय.”

“तिने असं का लिहिलं?”

“मीही हेच विचारलं. म्हणाली, मी नाकारलं असतं तर त्यांनी बाबांना लखनौला बोलावलं असतं. दिवसभर बाकावर बसवलं असतं, उलटसुलट विचारलं असतं. बाबांचा जबडा दुखतो गं, आई.”

हे सांगताना ती रडली नाही. मला वाटलं रडेल, म्हणून मी उठलो. तेव्हा म्हणाली, “बसा. जवळ येऊ नका.”

तुझा माझ्यावर एवढा जीव आहे, हे मला माहीत नव्हतं असं मी लिहिणार नाही. माहीत होतं. त्याच्याच जोरावर सगळं चाललं होतं.

आणखी एक लिहितो. आई आत गेल्यावर मला बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं. सुटलो, असा शब्द मनात आला. सुनावणी झाली, पोरीने स्वतः मान्य केलं, आता कोणी काही विचारणार नाही. तासभर जबडासुद्धा दुखला नाही.

संध्याकाळी ढुंढिराजकाकांकडे गेलो. त्यांना बातमी आधीच कळली होती. म्हणाले, “पोरगी प्रामाणिक निघाली रे बिंदू. चूक कबूल करायला धैर्य लागतं. तुझेच संस्कार.”

तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, “काका, तिची चूक नव्हती. मी श्राद्धात सुपारी चावली. कॅप बसवली नव्हती. दाढ माझ्यामुळे चिरली.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“बत्तीस वर्षं बघतोय तुला. एक स्वर खालचा वर होत नाही तुझ्याकडून. तू असली चूक करशील? अरे, लेकीसाठी खोटं बोलतोयस तू. आणि चांगलं करतोयस. बापाने असंच असावं.” मग आत हाक मारली, “अन्नपूर्णे, बिंदूला दूध दे. कोमट दे, दाढ दुखते त्याची.”

मी दूध प्यायलो.

पोरीने दाढ बिघडवली, हे चाळीस जणांनी एका दमात मानलं होतं. आता खरं सांगितलं तर ते माझ्या चांगुलपणाच्या खात्यात गेलं. परतताना मी काकांवर चिडलो होतो. घराच्या पायरीशी आल्यावर कळलं की लिफाफा दाखवला असता तर त्यांना मानावंच लागलं असतं. मी तो नेला नव्हता. त्यांनी विश्वास ठेवावा, हे मला नकोच होतं. नुसतं सांगून टाकल्याचं समाधान हवं होतं, दुधासकट.


२ एप्रिल २०२५

चि. ईशानी,

हे पाठवतो आहे. सोबत आधीची न पाठवलेली तीन पत्रंही घालतो आहे. वाचावीस असा आग्रह नाही.

एक गोष्ट त्या पत्रांतसुद्धा लिहिली नव्हती. ती आधी लिहितो.

कार्तिकातल्या मंत्रजागराला माझा जबडा अडकला नव्हता. दुखत होता, पण उघडत होता. मी विसरलो होतो. घन चालू असताना पुढचा शब्द नव्हता. जिथे तो तीस वर्षं असायचा तिथे काहीच नव्हतं, भिंत होती. काकांनी विचारलं तेच खरं होतं. घनपाठी माणसाला विसरलास का असं विचारणं म्हणजे काय, हे तुला कळतं. त्या क्षणी हाताशी जे सापडलं ते मी पुढे केलं. हाताशी तू होतीस.

गेल्या रविवारी पाडव्याची वसंतपूजा होती. तेच घर, तीच माणसं, सगळ्यांना चंदन लावून झालं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी आसनावरून उठलो. उठून बोलत नाहीत तिथे. काका म्हणाले, “काय झालं? दाढ?”

मी म्हणालो, “दाढ नाही. कार्तिकात मी विसरलो होतो. जबड्याचं खोटं सांगितलं. दाढ मी सुपारी चावून फोडली, तिचा हा स्कॅन. ईशानीने काम चोख केलं होतं. तिने जे कबूल केलं तेही खोटं आहे, माझ्यासाठी केलेलं.”

लिफाफा मी मध्ये ठेवला. कोणी हात लावला नाही. काकांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते पुन्हा बापाचं मन वगैरे म्हणतील.

“विसरलास?” ते म्हणाले. “बरं. मग आत्ता म्हण. त्याच जागेपासून. बस आसनावर.”

“काका, नको.”

“बस म्हणतो ना! पाच महिने आमच्यासमोर थापा मारल्यास, आता ऐकू दे सगळ्यांना. खरं काय ते आपण इथे म्हणूनच ठरवतो.”

बसलो. सुरुवात केली. गोळी सकाळी मुद्दाम घेतली नव्हती, पुढे गोळीचं नाव सांगता येऊ नये म्हणून. त्या जागेपर्यंत नीट आलो, स्वर नीट, मात्रा नीट. आणि तिथे पुन्हा भिंत. तोंड उघडं होतं, चांगलं मोठं उघडं होतं, चाळीस माणसं आत बघत होती. काहीच बाहेर आलं नाही. कोणी खोकलं नाही. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग मागून कोणीतरी तो शब्द उचलला, दुसऱ्याने साथ दिली, आणि सगळे माझ्यावरून पुढे निघून गेले. मी तोंड मिटलं.

संपल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्यापासून पाठाला नको येऊस. श्राद्धालाही कोणाकडे बसू नकोस. विसरणाऱ्याला चालवून घेतलं असतं. लेकीला पुढे करणाऱ्याच्या तोंडून आमचे पितर जेवणार नाहीत.”

बरोबर बोलले. मी नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले.

तुझी आई घरी गुढीला कडुलिंब बांधत होती. सगळं सांगितलं. मनात कुठेतरी होतं की ती आता एक शब्द बरा बोलेल.

“म्हणजे आता पाठ गेला, श्राद्धं गेली,” ती म्हणाली. “खायचं काय, त्याचाही विचार केलाय का तुम्ही उभं राहण्याआधी?”

“नाही.”

“नसणारच. आणि हे कार्तिकात केलं असतंत तर? दिवाळीनंतर लगेच? पोरगी आज दुसऱ्याच्या क्लिनिकात लोकांच्या थुंकीच्या वाट्या धुतेय. तिला मी हे फोनवर सांगणार नाही. तुमचं तुम्ही कळवा. मला तुमची बाजू मांडायची नाही.” आणि थोड्या वेळाने, “हात धुवून या. पान वाढलंय.”

सोमवारी डॉ. रुचींकडे गेलो. ईद होती, पण त्यांनी दवाखाना उघडा ठेवला होता. तू काढू नका म्हणाली होतीस, ते लक्षात होतं. पण स्कॅन हातात आहे, आणि कागदावरच्या चिरेपेक्षा हातातली चीर कोणाला नाकारता येत नाही. इंजेक्शन दिलं, तरी खालच्या जबड्याला पुरतं लागलं नाही. दुसरं दिलं. तिसरं देऊ का विचारलं, मी नको म्हणालो. दाढ दोन तुकड्यांत निघाली. मधला भाग काळा पडला होता. तू भरलेल्या चारही नळ्या शाबूत होत्या, गुलाबी रंगाच्या बारीक काड्यांसारख्या. मी त्या पहिल्यांदाच बघितल्या. डॉ. रुचींनी दोन ओळींचा दाखला लिहून दिला आणि विचारलं, “वो डॉक्टर आपकी कौन हैं?”

मी म्हणालो, “बेटी.”

त्यांनी दाखल्याची घडी घातली. मला कापूस दिला.

कळ गेलेली नाही. दाढ नाही, तिथे खड्डा आहे, आणि कळ खड्ड्यातून निघून कानापर्यंत जाते, पहिल्यासारखीच. ती राहील असं दिसतं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुला वैद्यकीय माहिती म्हणून लिहितो.

काल कचहरीत गेलो. शपथपत्र टाईप करणाऱ्याने अर्ध्यावर हात थांबवले. “पंडित जी, आप अपने ही ख़िलाफ़ लिखवा रहे हैं. कोई दबाव है?” नाही म्हणालो. “तो फिर समझ लीजिए, ये लौटता नहीं.” त्यात सगळं आहे. वीस सप्टेंबर, तू लिहून दिलेल्या सूचना, तो कागद मी जाळला हे, सुपारी, मंत्रजागर, मी विसरलो हे, लतिका मॅडमना दिलेला कागद खोटा होता हे, आणि तुझी कबुली माझ्यासाठी होती हे. पहिली सही आधारकार्डावरच्या सहीशी जुळली नाही. नोटरीने दुसऱ्यांदा करायला लावली.

तुझे गेलेले महिने त्याने परत येणार नाहीत. कौन्सिल काय करील ते मला माहीत नाही. तू घरी यावंस असं मी लिहीत नाही, तो हक्क माझ्याकडे राहिलेला नाही. येऊ नकोस असंही लिहीत नाही.

आज अकरा वाजता शपथपत्र, स्कॅन, दाखला आणि दाढेचे दोन्ही तुकडे एका लखोट्यात घालून लखनौला कौन्सिलकडे रजिस्टर केले. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं, शिक्का मारला आणि लखोटा मागच्या पोत्यात टाकला. आता तो परत मागता येतो का, असं मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या, मगच खिडकीवरून हललो.

बाबा